माझ्या तोंडावरचे वाफे

मला हे लिहायचं नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाला वही-पेन देऊन ओट्यावर बसवायचं आणि म्हणायचं, पप्पा, चर्चच्या अंकाला हसण्यासारखं काहीतरी द्या, ही कुठली रीत? पण सून प्रीतल त्या अंकाच्या कमिटीवर आहे आणि या घरात चहा तिच्या हातचा मिळतो. शिवाय माझी मेहुणी व्हेरोनिका हीच गोष्ट गावभर सांगत फिरते आणि तिच्या गोष्टीत मी वेडा आहे. तेव्हा लिहितो. ज्याला हसायचं त्याने आपापल्या घरी हसावं.

माझं नाव लॉरेन्स. निर्मळला आमची वाडी आहे. केळी, थोडा मोगरा, बाकी पालेभाजी. बायको क्लेमेंटीन. तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. धाकट्याच्या, म्हणजे जोएलच्या बाळंतपणात आलं ते गेलंच नाही. चहा सांडून पुसायचा राहिला की फरशीवर डाग पडतो, तसा रंग. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं. हे मी एकदा कौतुकाने तिला सांगितलं, तर म्हणाली, तुम्हाला मी तरी कधी दिसले.

यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. चर्चमध्ये मिस्सा, वेदीपुढे आम्हा दोघांच्या दोन खुर्च्या, मग हॉलमध्ये केक आणि तीनशे माणसांचं जेवण. सगळं ठरलं, कॅटरर ठरला, आणि दीड महिना राहिला असताना ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी पुढे बसणार नाही. मिस्सा ऐकेन, पण मागच्या बाकावरून."

विचारलं का, तर फोटो. तीनशे लोकांसमोर हे तोंड घेऊन बसायचं आणि वर त्याचे फोटो काढून घ्यायचे, ते तिला जमणार नाही. मी म्हटलं, मग मी काय दोन खुर्च्यांवर एकटा बसू? म्हणाली, बसा, तुम्हाला पाय पसरायची सवय आहेच. क्लेमेंटीन ओरडली तर काळजी नसते. ती हळू बोलली की ते ठरलेलं असतं.

मग घरात बायकांची सभा भरली. प्रीतलने आधी मोबाईलवर लेझर दाखवलं. त्यात काय करतात, तर किरण मारून डाग जाळतात. क्लेमेंटीनने बघितलं आणि म्हणाली, हे वेल्डिंग आहे. लेझर तिथेच संपलं. मग प्रीतलने मनवेलपाड्याहून, माहेराजवळच्या मेडिकलमधून, एक ट्यूब आणली. चिठ्ठी नाही, काही नाही. दुकानदार म्हणे, निम्मा मनवेलपाडा याच्यावर गोरा झालाय. व्हेरोनिकाचं म्हणणं, असल्या ट्यूबा विष असतात, कच्च्या बटाट्याच्या रसात लिंबू पिळून लावायचं, माझं तोंड बघा. (आम्ही बघितलं. कोणी काही बोललं नाही.) तीन दिवस दोघी माझ्या घरात भांडत होत्या आणि तीन दिवस मला चहा पाचच्या जागी साडेसहाला मिळाला. केवळ त्या चहासाठी मी मध्ये तोंड घातलं. तोंडच गेलं, हे पुढे येईलच.

वाडीत नवीन औषध आलं की आम्ही ते सगळ्या पिकावर मारत नाही. एका वाफ्यावर मारायचं, दुसऱ्यावर दुसरं, आणि एक वाफा कोरा सोडायचा. नाहीतर पीक औषधाने सुधारलं की हवेने, ते कळायचं कसं? पंधरा दिवसांनी जो वाफा चांगला दिसेल त्याचं औषध सगळीकडे. माझ्या बापाने हेच केलं, मी हेच करतो, आमचं अजून बुडालेलं नाही. मी म्हटलं, तोंडाचंही तसंच करू. कपाळावर लिंबू-बटाटा, डाव्या गालावर ट्यूब, उजव्यावर माझी कोरफड (मलाही मत आहे), हनुवटी कोरी.

क्लेमेंटीन म्हणाली, "माझं तोंड म्हणजे तुमची वाडी नाही. एवढं आहे तर स्वतःच्या तोंडावर करा."

आता माझ्याही गालांवर काळे डाग होतेच. साठ वर्षं उन्हात काढल्यावर दुसरं काय होणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ज्या माणसाने लग्नातसुद्धा पावडर लावून घेतली नव्हती, त्याच्या तोंडाचे त्या दिवशी चार वाफे पडले. कॅलेंडरवर मी लिहून ठेवलं, कुठे काय आणि किती वाजता. ठरलं असं की पंधरा दिवसांनी सोमवारी निकाल, आणि जे जिंकेल ते क्लेमेंटीन लावणार. तोपर्यंत तिने कशाला हात लावायचा नाही.

कपाळ पहिल्या आठवड्यात गेलं. लिंबू लावून मी थेट केळीत काम करायचो, तर कपाळ उजळायच्या जागी तव्यासारखं झालं आणि आग वेगळी. व्हेरोनिका म्हणाली, मी उलट्या दिशेने चोळलं. उजव्या गालावर कोरफडीने काही म्हणता काही झालं नाही, फक्त माश्या बसायच्या. पण डावा गाल उघडला. खोटं कशाला सांगू, दहाव्या दिवशी तो गाल दुसऱ्या कोणाचातरी वाटत होता. जोएलने विचारलं, पप्पा, एकाच बाजूने पावडर लावली काय?

प्रीतल जिंकली. निकाल लागायला पाच दिवस होते, पण तो सगळ्यांना कळलेला होता. क्लेमेंटीन माझा डावा गाल रोज सकाळी उजेडात धरून बघायची. पन्नास वर्षांत एवढं बघितलं नव्हतं. तिने साडीचा रंग ठरवला. खुर्चीला कुठली फुलं लावायची तेही बोलली. म्हणजे ती पुढे बसणार होती, आणि सगळं त्या ट्यूबवर होतं.

आता मी जे केलं ते लिहायला प्रीतलने सांगितलेलं नाही, तिला माहीतच आहे. मला तो गाल आवडायला लागला होता. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला मी बाकाच्या अशा टोकाला बसलो की डावी बाजू लोकांना दिसावी. पण मग उजवी बाजू फारच वाईट दिसते हे लक्षात आलं. मी पंपाच्या खोलीत ट्यूब नेली आणि उजव्या गालालाही लावली. दुसऱ्या दिवशी कपाळाला, कारण त्याला गरज जास्त. मग हनुवटीने काय पाप केलं होतं? मला लवकर गुण हवा होता, म्हणून दिवसातून तीन वेळा, पावाला लोणी लावावं तशी जाड लावली. चार दिवसांत ट्यूब संपली. मी ती टोकापासून गुंडाळत नेली, मग कात्रीने फाडून आतलं बोटाने पुसून घेतलं.

सोमवारी क्लेमेंटीन आंघोळ करून, केस बांधून आरशापुढे बसली आणि तिने ट्यूब मागितली. मी फाटलेली ट्यूब दिली. ती त्या ट्यूबकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. प्रीतलला म्हणाली, दुसरी आण. प्रीतल म्हणाली, बुधवारी माहेरी जायचंय तेव्हा आणते.

बुधवार उजाडायच्या आत माझं तोंड उठलं. मंगळवारी सकाळी मी केळीचे घड उतरवत होतो, ऊन चढलं तशी चरचर सुरू झाली. दुपारपर्यंत दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, सगळं लालबुंद आणि वर बारीक पुळ्या. अर्नाळ्याची धोंडूबाई दारावर मासळी घेऊन येते, तिने टोपली उतरवली, मला बघितलं आणि सरळ विचारलं, "बाबा, तोंडावर गरम पानी पडला काय?" मग मला उत्तर द्यायच्या आधी क्लेमेंटीनला बोंबील द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मला वसईला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. क्लेमेंटीन बरोबर होती. बाई म्हणाल्या, आजोबा, कुठे काय लावलंत? मी सांगत गेलो तसं त्या लिहीत गेल्या. कपाळ, लिंबू-बटाटा. उजवा गाल, कोरफड. नंतर सगळीकडे ट्यूब. त्यांनी हनुवटीचं विचारलं. मी म्हटलं, आधी कोरी सोडलेली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी वाफ्यांचं सगळं समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पद्धत चांगली होती. पण आजोबा, तुमच्या तोंडावर वांग नव्हतंच. ते उन्हाने रापलेलं होतं. वांग यांना आहे."

म्हणजे मोगऱ्याचं औषध मी केळीवर मारून बघत होतो. पंधरा दिवस.

ट्यूब बघून त्या चिडल्या. तिच्यातली औषधं डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घ्यायची नसतात, कातडी पातळ होते, आधी गोरी दिसते आणि मग अशी होते, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला थंड मलम आणि उन्हात बंदी. क्लेमेंटीनला दोन मिनिटं लागली. रोज सनस्क्रीन, दोन-तीन तासांनी परत, बाहेर पडताना छत्री, रात्री एक सौम्य क्रीम. लेझर आत्ता नको, त्याने कधी कधी डाग आणखी गडद होतात. लिंबू कधीच नको. क्लेमेंटीनने विचारलं, किती दिवसांत जाईल? बाई म्हणाल्या, सहा महिन्यांत पुसट होईल, पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. मिस्सा पंचवीस दिवसांवर होती.

येताना रिक्षात बसलो. मी म्हटलं, झालं, आता मी दोन खुर्च्यांवर एकटा. आणि खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं. माझ्या हावरटपणाने झालं असं वाटलं. मी तिला तसं सांगितलंही, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. पण ती ऐकत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रिक्षा उमराळ्याच्या पुढे आली तरी बघतच होती. मग तिने पिशवीतून आरसा काढला, स्वतःला बघितलं, परत मला बघितलं आणि आरसा ठेवून दिला.

"मी बसते पुढे," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी माझ्या तोंडाकडे कोण बघणार?"

आणि बसली. लाली ओसरायच्या आत माझी सालं निघायला लागली होती, त्यावर प्रीतलने मलमाचा पांढरा थर दिला होता. क्लेमेंटीन मोतिया साडीत, मान ताठ करून. वांग होतं तिथेच होतं. पण फोटो काढणारा ॲल्रॉय, माझ्या भावाचा नातू, जिथे म्हणेल तिथे ती उभी राहत होती. वेदीपुढे, दारात, पाहुण्यांबरोबर, एकटी. हसत होती. इतकी हसलेली मी तिला फार वर्षांनी बघितली, आणि या वेळी मला दिसली.

त्यातला एक फोटो मोठा करून आम्ही घरात भिंतीवर लावलाय, केक कापतानाचा. मधोमध क्लेमेंटीन, मागे फुलं. उजव्या कडेने कोटाच्या बाहीतला एक हात येतो आणि तिच्या हाताबरोबर सुरी धरतो. तो हात म्हणजे मी. बाकीचा मी कापलेला आहे. परवा नवीन फादर घराला आशीर्वाद द्यायला आले, त्यांनी विचारलं, हा हात कोणाचा? ही म्हणाली, केक कापायला एक जादा हात लागला होता.

तोंडाचं जे झालं त्याची प्रीतलने माफी मागितली. व्हेरोनिकाने डझनभर अंडी पाठवली, ती मी माफीच धरतो. मेडिकलवाल्याने प्रीतलच्या आईकडे माफीचा निरोप दिला. ॲल्रॉयला मी फोटोबद्दल फोनवर झापलं, तर तो बिचारा म्हणाला, आजोबा, सॉरी, पण मला सांगितलं तसं मी कापलं. ज्यांनी सांगितलं त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, हात चांगला आलाय की, एक डाग नाही. माफीचं नाव नाही, आणि मला वाटत नाही ती येईल. तरी जिची माफी बाकी आहे तिचं नाव अंकात छापून राहू दे. क्लेमेंटीन लॉरेन्स डिमेलो, मुक्काम निर्मळ.