धुऱ्यावरचा मोह आणि माझा बिनतोड पुरावा

कोर्टात वकिलापेक्षा मी बरा बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो! सिंदेवाहीकडे कुणालाही विचारा, डोमाभाऊ कसा बोलतो म्हणून.

माझ्या आणि गुणवंतरावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, मोहाचं झाड आहे. आजोबांपासून फुलं आम्हीच वेचतो. आणि मागच्या हंगामात बघतो तर काय, गुणवंतरावांच्या सुगंधाबाई टोपली घेऊन झाडाखाली! जाब विचारला, तर गुणवंतराव म्हणतात, "धुरा माहा, त झाड बी माहंच!"

अरे वा! उद्या म्हणाल, सूर्यही तुमच्याच धानाच्या बांधीतून उगवतो! ठोकला दावा!

आमचे कुलदीप वकील बजावत होते, "विचारलं तेवढंच बोला, भाऊ." बायको रंजीता तर थेट म्हणाली, "तोंडाले कुलूप लावून जा." घरातच हा विश्वास! अहो, हक्क सिद्ध करायचा तर तोंड उघडायला नको?

पिंजऱ्यात उभा राहिलो. जज मॅडमनी विचारलं, "झाड तुमचं कशावरून?"

आमच्याकडची रीत साधी आहे. मोह गळायच्या आधी ज्यानं खालचा पाला जाळून जागा साफ केली, फुलं त्याची. मी छाती काढून म्हणालो, "मॅडम, दर साली पाला मीच जाळतो! गेल्या होळीच्या दुसऱ्या दिवशी त असा जाळला, का धुऱ्याच्या पल्याड लपट गेली!"

कुलदीप वकिलांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, कौतुक आवरेना.

तोच गुणवंतराव उठले. "होळीच्या दुसऱ्या दिवशी? माह्या धानाच्या तणसाचा ढीग त्याच दिवशी जळला ना बे! मले वाटलं माह्याच बिडीनं जळला! तवापासून बिडी सोडून बसलो मी!"

"अन् ढोरायले आमी काय चारलं, ते बी पुसा त्याले!" सुगंधाबाई मागून कडाडल्या.

मॅडमनी दोघांना गप्प केलं आणि गुणवंतरावांना विचारलं, "त्या झाडाखाली तुम्ही कधी पाला जाळला?"

"नाई जी! काडी बी नाई लावली! दर साली हाच जाळते!"

संपलं! झाड माझं ठरलं. मी मिशीला पीळ देणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "झाड तुमचं, तशी आगही तुमचीच. तणसाचा दुसरा दावा उभा राहण्याआधी बाहेर बसून समेट करा."

व्हरांड्यात समेट झाला. झाड माझं. तणसाच्या बदल्यात या हंगामाची फुलं त्यांची. आणि यापुढे आग बंद, खालची जागा मालकानं खराट्यानं झाडून द्यायची.

तर सध्या मी झाडतो आणि सुगंधाबाई वेचतात. वर "तिकडे राह्यलं ना, डोमाभाऊ!" असं म्हणत बोट दाखवतात. हरलेल्यानं टोपली भरायची आणि जिंकलेल्यानं कंबर मोडायची, हा कुठला न्याय? काल रस्त्यानं जाणाऱ्या गावातल्या कोलूनं थांबून विचारलं, "डोमाभाऊ, हे काऊन झाडून राह्यले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिदोरी घेऊन आलेली रंजीताच बोलली, "केस जिंकले ना ते!"