बसवलेले केस

भास्करने आरशासमोर कंगवा फिरवला, आणि कंगवा डोक्यातच अडकून राहिला. हात काढून घेतला तरी पडेना.

"आई गं, मेलो!"

चित्राबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. त्यांनी मुलाचं डोकं नखाने जरा खरडलं, तर दुधाच्या पातेल्याची निघावी तशी खरवड निघाली.

त्याचं असं झालं होतं, की स्टुडिओवाल्याने पाणी लावून भास्करचे उभे केस चापूनचोपून बसवले होते. तोच फोटो लग्नासाठी नागपूरला शरदरावांकडे गेला, पसंतही पडला. आता फोटोसारखं दिसणं आलं! मग महिनाभर रोज क्रीम, क्रीमवर जेल, जेलवर स्प्रे. धुतले तर केस पुन्हा उठतील, म्हणून डोक्याला पाणी म्हणून नाही. मिशीलाही तोच खुराक. आणि आज दुपारी शरदराव मुलीला, सानिकाला, घेऊन चारबाग स्टेशनवर उतरणार होते. सानिकाला भास्करने एका लग्नात जिलबी वाढताना पाहिलं होतं, तेव्हापासून पोराचं जेवणात लक्ष नव्हतं. तिने त्याला पाहिलेलं नव्हतं, हेच त्यातल्या त्यात बरं.

"शिकेकाईने निघेल," चित्राबाई म्हणाल्या. शिकेकाई डोळ्यांत गेली, आणि उरलेली त्या चिकट्यावर बसली ती बसलीच. शेजारच्या चंद्रप्रभा भाभींनी खिडकीतून सल्ला दिला, "अंडा लगाइए भैया, सब छोड़ देगा." नाइलाजाने अंडं लावलं. त्यावर आईने मायेने कढत पाणी ओतलं, आणि अंडं डोक्यावरच शिजलं. आता बोला!

"माझ्या न्हाणीघरात अंडं!" चित्राबाई रडायच्या बेताला आल्या. तेवढ्यात नळाचं पाणी गेलं.

"अरे, गाडीची वेळ झाली!" बाहेरच्या खोलीतून भास्करचे वडील दिनकरराव ओरडले. ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

भास्करने इस्त्रीचा पांढरा चिकनकारीचा कुर्ता चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि स्टेशनजवळचा न्हावी गाठला. न्हाव्याने टॉवेल उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"भैया, कैंची तो इसमें जाएगी नहीं. उस्तरा ही चलेगा."

"चलाओ यार," भास्कर कळवळून म्हणाला.

"और मूँछ?"

"वो भी."

न्हाव्याने सगळं साफ केलं आणि सवयीप्रमाणे मागे शेंडी तेवढी ठेवली.

फलाटावर "मी भास्कर" म्हणत शरदरावांसमोर आला तो गुळगुळीत गोटा, मागे शेंडी, मिशी गायब, कपडे पांढरे आणि डोळे लाल. त्यांच्या हातची बॅगच पडली.

"अरेरे! काय झालं हे! कळवायचं तरी!" त्यांनी भास्करला पोटाशी धरलं.

"अहो, तसं नाही, ते क्रीम..."

"काही बोलू नका. दिनकररावांसारखा माणूस! फोनवर किती दिलखुलास बोलायचे हो!"

ऑटोत बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. "हे पाहा, आता वर्षाच्या आत कार्य झालं पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. बघण्याबिघण्याचं राहू द्या. पुढच्याच महिन्यात उरकू. मुलगी दिली, हा माझा शब्द."

सानिकाने ओल्या डोळ्यांनी भास्करकडे पाहिलं. ती इतकी गोड दिसत होती, की त्याने ओठांवर आलेलं क्रीमचं नाव गिळून टाकलं. पण घर, म्हणजे मानक नगर, जवळ येत होतं, आणि घरात बाप होता. देवा, आता कुठे तोंड लपवू, असं त्याला झालं.

दार दिनकररावांनीच उघडलं, बनियनवर. "या, या! गुडघ्यामुळे स्टेशनवर येता आलं नाही, माफ करा." मग त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं. "कार्ट्या! मी जिवंत असताना?"

शरदराव चौकट धरून उभे राहिले. क्रीम, जेल, स्प्रे, अंडं, एकेक करत सगळं बाहेर आलं. सानिका ओढणी तोंडावर धरून हसत सुटली. शेवटी शरदरावांनी सुस्कारा सोडला.

"चला, आपण आहात, आनंद आहे. मग आता घाई कसली? केस उगवू देत, मिशी येऊ दे, मग बघू सावकाश. अहो, मुलगा दिसतो कसा, हे आम्हाला अजून कळलेलंच नाही."

भास्करने बापाकडे अशा नजरेने पाहिलं, की दिनकरराव लंगडत मागे सरले. पोराचं जमलेलं लग्न लांबलं होतं, आणि कारण जितंजागतं समोर उभं होतं.

"चुकलं रे बाबा," ते हळूच म्हणाले. "मी गेलोय, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही."