पेशीत गाभा, पृथ्वीत यमक

"तीन विषय? अगं, एका संध्याकाळचं काम!" कंडक्टरची पिशवी खुंटीला अडकवता अडकवता मामांनी जाहीर केलं. "ताई, तू फक्त चहा टाक!"

ताईंची लेक आठवीत जीवशास्त्र, भूगोल आणि कविता अशा तिन्ही विषयांत गटांगळ्या खात होती. नापास झाली तर पुन्हा आठवी, आणि सातवीतला धाकटा भाऊ थेट तिच्या शेजारच्या बाकावर!

"तो मला भर वर्गात ताई म्हणेल रे मामा!" पोरगी रडकुंडीला आली.

मामांचा आवाज असा, की पुढच्या दारातून तिकीट विचारावं आणि मागच्या सीटवर झोपलेल्यानं सुटे पैसे काढावेत! त्यात माणूस भाविक. सुरात म्हटलं की देवाचं नाव मनात ठसतं, मग या पेशी कोण मोठ्या लागून गेल्या? मामांनी चहा संपायच्या आत पदं रचली. चाल मात्र तिन्हींना एकच, आवडत्या भजनाची!

पेशीभोवती पटल पातळ, आत केंद्रक बसले हो!
पृथ्वीभोवती कवच कठीण, आत गाभा तापला हो!
कवितेभोवती यमक नाजूक, आत अर्थ दडला हो!

ताई म्हणाल्या, "अरे, चाली तरी वेगळ्या घे!"

"चांगली चाल कुणी बदलतं का?" मामा उखडलेच.

पोरगी झोपेतही टाळ्या वाजवू लागली. पेपर झाले, आणि शाळेतून बोलावणं आलं. मामा गणवेशातच तरातरा निघाले, भाची मागोमाग.

मुख्याध्यापिका बाईंनी उत्तरपत्रिका पुढे धरली. "ऐका हं. 'पेशीभोवती कठीण कवच असते. आत गाभा तापतो. जास्त तापल्यास यमक बाहेर पडते.'"

"मग? एक शब्द तरी चुकीचा आहे का?"

"शब्द सगळे बरोबर आहेत हो! जागा चुकल्यात! भूगोलात पृथ्वीच्या पोटात केंद्रक बसवलंय. आणि कवितेतला दडलेला अर्थ काय, तर म्हणे लाव्हा!"

"पोरीला धाक घातला असेल तुम्ही लोकांनी!" मामांनी टेबलावर थाप मारली. पेनं उडाली. "शिकवण्यात खोट काढायची नाही! हे ऐका!"

आणि डोळे मिटून, एक हात कानाला लावून मामांनी सूर लावला, "पेशीभोवती पटल पातळ, आत गाभा ता..."

मामा थांबले. भाचीनं चेहरा ओढणीत लपवला.

"पेशीत गाभा?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही अशा रोखून बघत होता म्हणून!" मामा लालबुंद झाले.

बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, "मी हिची आत्ताच तोंडी परीक्षा घेते. तिन्ही विषय. जमलं तर नववीत. अट एकच, मामांनी बाहेर थांबायचं."

"बाहेर? मी? ज्यानं शिकवलं त्यालाच बाहेर?"

"अगदी पटांगणात!"

मामा पटांगणात येरझारा घालत वॉचमनला म्हणाले, "बघितलंत? हल्ली विद्येला किंमत राहिली नाही! लेकरू आत एकटं, आधाराला काही नको?" आणि बाईंच्या खिडकीखाली उभं राहून, देवाचं नाव घेऊन, मामांनी तिन्ही पदं टिपेला नेली. झाडावरची पाखरं उडाली. वरची खिडकी धाडकन बंद झाली.

"बघा, बघा हा उद्धटपणा!" मामा वॉचमनवरच ओरडले.

थोड्या वेळानं भाची जिना धडाधड उतरत आली. "मामा, पास! तिन्हींत पास!"

मामांनी तिला उचलूनच घेतलं. डोळे पुसले, छाती फुगवली आणि वॉचमनला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "सांग बरं मोठ्यानं, कशामुळे आठवलं सगळं?"

"बाईंनी खिडकी लावून घेतली ना, मामा!"