बुधाजी एकटाच लढतो

मांडव्याला अल्पेशच्या मावसभावाची, सुजितची हळद, आणि इकडे आजोबा बुधाजींचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणजे तो आणि मृणाली या नवराबायकोपैकी एकाला घरी थांबणं भाग होतं. हळद चुकण्यापेक्षा अल्पेशला स्वतःचं लग्न चुकलेलं चाललं असतं. शेवटी ठरलं, लॅपटॉपवरच्या लढाईत हरेल तो थांबेल. लढाई राक्षस-ड्रॅगनची, पण बुद्धिबळासारखी पाळीपाळीने खेळायची. उगाच लांबू नये म्हणून किल्ला गेला की खेळ संपला, हा नियमही अल्पेशनेच घातला.

अल्पेशची युद्धनीती थोर होती. त्याने एकच हीरो, म्हणजे सेनापती, घेतला, त्याला आजोबांचं नाव दिलं आणि होतं नव्हतं ते सगळं सैन्य त्याच्या दिमतीला दिलं. मृणालीने चार हीरो घेतले. एक लाकडं आणायचा, एक टेहळणी करायचा, एक नवे सैनिक पुढे पोचवायचा. चौथा वीस भालेवाले घेऊन नुसताच हिंडायचा.

"एक ना धड भाराभर चिंध्या!" अल्पेश म्हणाला. "माझा बुधाजी एकटा चौघांना भारी हाय."

"हाय ना. आदी पोचू तर द्या त्याला."

पोचणं हीच तर अडचण होती. हीरो एका पाळीत मोजकीच पावलं चालतो, आणि बुधाजी जादूची तलवार आणायला नकाशाच्या पार टोकाला गेला होता. कॉटवरून बघणाऱ्या आजोबांनी जन्मभर मिठागराचे बांध राखलेले. त्यांना राहवेना.

"आरं, उधानाचं पानी सगल्या बांधांवर चढतं. आमी चार बांधांवर चार गडी ठेवायचो. मला एकट्याला कुठं धाडलास? किल्ल्यात कोन हाय?"

"कोन न्हाय. गरजच काय?"

तेवढ्यात तो चौथा रिकामटेकडा हिंडत हिंडत अल्पेशच्या किल्ल्याशी आला. बडा घर पोकळ वासा! वीस भालेवाले आरामात आत शिरले. तिकडे बुधाजी तलवार उपसून उभा होता, आणि आसपास मारायला चिटपाखरू नव्हतं. अल्पेशला खरंच रडू आलं.

हळदीच्या दिवशी दारात टेम्पो लागला. मृणाली नटूनथटून पुढे बसली. मागोमाग चिराग आणि केतन या शेजाऱ्यांनी आजोबांना खुर्चीसकट उचलून टेम्पोत ठेवलं.

"आजा, तू कुठं?"

"हलदीला. पाय मोडलाय, दात शाबूत हायेत. मटन खाता येतं."

"मंग मी कोनासाठी थांबू?"

"अंगनात जवल्याची सुकट वालत घातलीय," आजोबा टोपी सारखी करत म्हणाले. "मांजरी चारी बाजूंनी येतात, ध्यान ठेव."