दर मिस्डकॉलला एक पाहुणा

पुण्याची बाजारपेठ मला कळते तेवढी कुणाच्या बापाला कळत नाही, असं मी लार्सनसाहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं! साहेब म्हणजे आमच्या परदेशी फोन कंपनीचे बडे अधिकारी. कंपनीनं आधी समुद्राखालून तारा टाकल्या, मग घरोघरचे काळे फोन बनवले, मग मोबाइल आणला आणि उदारीकरण झाल्यावर ती थेट पुण्यात उतरली. साहेब इथला विभागप्रमुख निवडायला आले होते. एक तर मी, नाहीतर शेजारच्या टेबलावरचा नासिर!

"कॉल भरपूर लागतात, पण उत्पन्न नाही. यंत्रणा बिघडलीय का?" साहेबांनी विचारलं.

"छे हो! पुणेकर पहिल्या रिंगला फोन उचलतो. हे बघा!" म्हणत मी घरी बायकोला, वासंतीला, फोन लावला.

तिनं कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट! मी लावत सुटलो, ती कापत सुटली.

"चला, या ग्राहकाला भेटूच," साहेब म्हणाले. निघाली आमची वरात कात्रजला!

दारात वासंती पदर खोचून उभी. मागे शेजारच्या जरीनाभाभींकडून आणलेली भलीमोठी पातेली.

"अहो, हे एकटेच? बाकीचे कुठेत?"

"कोण बाकीचे?"

"दर मिस्डकॉलला एक पाहुणा, हे तुम्हीच ठरवलंत ना? दहानंतर मी मोजणं सोडलं आणि परत कुकर लावला!"

मेलो! तेव्हा फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडायचे, म्हणून आमचा अख्खा संसार फुकटच्या रिंगवर चालायचा. त्यात वासंती शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं ही सगळी पद्धत साहेबांना अस्खलित समजावली. वर "सगळं पुणं असंच करतं" हेही सांगितलं! साहेब खूश. मसालेभात तीनदा मागून घेतला आणि वासंतीशी बराच वेळ काहीतरी खुसुरफुसुर करून परत गेले.

रविवारी वासंती मोबाइल घरीच ठेवून भाजीला गेली होती. तिचा फोन वाजला. परदेशातला नंबर! मी झडपच घातली.

"बोला साहेब! झालो ना विभागप्रमुख?"

"उचललात कशाला?" साहेब कडाडले. "एक रिंग म्हणजे झालात, असं वहिनींशी ठरलं होतं! अहो, ज्याला एवढंही कळत नाही, त्याच्या हाती पुणं कसं द्यायचं?"

झालं! विभागप्रमुख नासिर झाला. मन मोठं करून मी अभिनंदनाचा फोन लावला.

पठ्ठ्यानं उचललाच नाही!