गाय क्रमांक सतराची स्वेच्छा

गाय स्वेच्छेने दूध देते, ही गोष्ट गाय सोडून सर्वांना मान्य आहे. पूर्वी या स्वेच्छेची नोंद ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे गाईला दोरीने ओढत आणावं लागे. धार काढणारं स्वयंचलित यंत्र आल्यापासून ही उणीव दूर झाली. गाय आपल्या मनाने यंत्राच्या खोलीत शिरते, यंत्र तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून तिचा नंबर ओळखतं, सड धुतं, धार काढतं आणि पुढ्यात मूठभर खुराक टाकतं. माणसाने फक्त मोबाइल बघत बसायचं. हे काम मालकांना चांगलंच जमण्यासारखं होतं.

मालक म्हणजे एका कचेरीत बावीस वर्षं नोकरी करून मग गोठ्याकडे वळलेले गृहस्थ. गोठ्यात बेचाळीस गाई. (मालक धरून त्रेचाळीस जीव. बायकोला यात धरत नाहीत, कारण ती काम करते.) डेअरीच्या योजनेतून यंत्र आलं तेव्हा मालकांनी त्याला हार घातला, भाषण केलं आणि करारावर न वाचता सही केली. करारातली अकरावी अट अशी होती: "जी गाय एकवीस दिवसांत यंत्राकडे स्वेच्छेने येणार नाही, ती कळपातून कमी करण्यात येईल."

एक्केचाळीस गाई आठवड्याभरात स्वेच्छेने येऊ लागल्या. काहींची स्वेच्छा तर इतकी उतू गेली, की त्या खुराकासाठी दिवसातून सात-आठ वेळा येऊन उभ्या राहत आणि यंत्र त्यांना हाकलून देई. राहिली एक, क्रमांक सतरा.

तिला घरात आत्याबाई म्हणत, कारण पाहुणी आलेली आत्या जशी घरभर नजर फिरवते आणि काही बोलत नाही, तशी ती बघायची. गोठ्यातली ती पहिली गाय. मालकांचा पाय मोडून ते पाच महिने खाटेवर होते, तेव्हा तिच्या एकटीच्या दुधावर घर चाललं होतं. मालकांचा तिच्यावर जीव होता, आणि हे ते कुणाला सांगत नसत, कारण बायकोने लगेच विचारलं असतं, "आणि माझ्यावर?"

आत्याबाईची अडचण साधी होती. बायको शेजारी बसून तिला चार शिव्या घालत नाही, तोवर ती पान्हा सोडत नसे. यंत्राला पाच भाषा येत होत्या, पण शिव्या एकीतही नव्हत्या. मालकांनी तिला गूळ दाखवला, ढकललं, समजावलं. एकदा तर स्वतः यंत्राच्या खोलीत शिरून "हे बघ, काही होत नाही" असं प्रात्यक्षिकही केलं. आत्याबाईने ते शांतपणे पाहिलं आणि पाठ फिरवली.

बारा दिवस असेच गेले. तेराव्या दिवशी मालकांनी करार पहिल्यांदा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं, की अटीत फक्त 'येण्या'चा उल्लेख आहे, 'देण्या'चा नाही. कचेरीत याच तत्त्वावर त्यांना तीन बढत्या मिळाल्या होत्या. वेळेवर यावं, हजेरी लावावी, मिळेल ते घ्यावं आणि जावं. त्यांनी आत्याबाईच्या गळ्यातला पट्टा काढला, आपल्या गळ्यात घातला आणि यंत्रात जाऊन उभे राहिले.

(हा पट्टा दुसऱ्या गाईला का घातला नाही, अशी शंका येईल. एका गळ्यात दोन पट्टे दिसले, की यंत्र दोन्ही नंबर बाद करतं. मालकांनी सगळा विचार केला होता. त्यांचा विचार नेहमी पूर्ण असे, फक्त उलट्या दिशेने.)

यंत्राने सतरा नंबर ओळखला. हात पुढे केला, मालकांच्या विजारीचे दोन्ही खिसे कोमट पाण्याने स्वच्छ धुतले, चार मिनिटं सड शोधले आणि "कृपया स्थिर उभे राहा" अशी सूचना देऊन नाद सोडला. पुढ्यात खुराक मात्र पडला. मालकांनी तो आत्याबाईला नेऊन दिला. पाचव्या दिवसापासून ते त्यातला निम्माच नेत. (चव वाईट नाही.)

दिवसा दोन तास हालचाल दिसली नाही, तर गाय मेली असं यंत्र समजे. म्हणून पट्टा दिवसभर गळ्यात ठेवून मालकांना फिरत राहावं लागे. इकडे बायको गोठ्यामागे बसून आत्याबाईला शिव्या घालत हाताने धार काढी, आणि ते दूध घरात येई. सगळं सुरळीत चाललं होतं. इतकं, की एकविसाव्या दिवशी मालकांनी ऐटीत मोबाइल उघडला.

अहवाल असा होता:

"गाय क्र. १७. यंत्राला भेटी: रोज नऊ (कळपात सर्वाधिक). दूध: शून्य. चालणं: भरपूर, परंतु त्यात हेतू आढळत नाही. रवंथ: नाही. खुराक: न चुकता. निष्कर्ष: भाकड. केवळ खाण्यासाठी येते. ठेवून उपयोग नाही. तीन दिवसांत कळपातून कमी करावी."

मालकांनी तो दोनदा वाचला. आत्याबाई जाणार याचं वाईट वाटलं, हे खरंच. पण खरं सांगायचं तर 'ठेवून उपयोग नाही' हे जास्त लागलं.

बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं. "अहो, हे तुमचंच आहे ना?"

"पट्टा माझ्या गळ्यात होता. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..."

"अगदी बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "मी चोवीस वर्षं हेच सांगतेय, पण तेव्हा तुमच्या गळ्यात पट्टा नव्हता."

मालकांनी डेअरीला फोन लावला. तिकडच्या साहेबांनी सांगितलं, यंत्र चुकत नाही. खरं बोलावं, तर आत्याबाई एकवीस दिवसांत एकदाही आली नाही म्हणून जाणार. खोटंच चालू ठेवावं, तर भाकड म्हणून जाणार. कचेरीतल्या बावीस वर्षांत इतकी परिपूर्ण अट त्यांच्या पाहण्यात आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीचा ट्रक आला. गाडीवाल्याने पट्ट्यावरचा नंबर वाचणारं हातातलं यंत्र आत्याबाईच्या मानेजवळ धरलं. आवाज नाही. मग ते सहज मालकांकडे वळलं आणि खणखणीत वाजलं.

"सतरा नंबर इथे दाखवतंय," गाडीवाला म्हणाला.

मालकांनी पट्ट्याला हात लावला. तो काढून तिच्या गळ्यात घातला, की प्रश्न मिटत होता. त्यांनी आत्याबाईकडे पाहिलं. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही.

"मीच सतरा," मालक म्हणाले.

गाडीवाल्याने कागद चाळले. "माझं काही म्हणणं नाही. यात नंबर लिहायला जागा आहे, वजन लिहायला जागा आहे. गाय की माणूस, असा रकानाच नाही. चढा मागे. पुढे बसायची परवानगी नाही."

बायकोने डबा भरून दिला. "ठेवून घेतलं नाही कुणी, तर या घरी," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि मग हसू आवरेना म्हणून पदर तोंडावरच ठेवला.

गुरांच्या आवाराच्या फाटकाशी मालकांचं वजन झालं. एकाहत्तर किलो, शेरा "अपेक्षेपेक्षा कमी". पट्टा उतरवून घेतला, पोचपावती फाडली आणि त्यांना हाकलून दिलं. मालक चालत घरी आले.

त्या दिवसापासून आत्याबाईला नंबर नाही. यंत्राच्या लेखी ती या जगात नाही, म्हणून सुखात आहे. भाकड सतरा गेल्याने कळपाची सरासरी वाढली, आणि त्याबद्दल डेअरीने मालकांना शाल दिली.

मालकांनी ही हकीकत आजवर एकूण त्रेपन्न लोकांना सांगितली आहे. त्यांपैकी सहा जणांनी आत्याबाईची चौकशी केली. उरलेले सत्तेचाळीस पोट धरधरून हसले, मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारू लागले, "काय हो, तो पट्टा माणसाला सरळ चालतो ना? नाही, आमच्याकडे एक जण आहेत..." कुणाचे सासरे होते, कुणाचा मेव्हणा, दोघांचे साहेब.

वाचकहो, अहवाल वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल. ते कोण, हे आम्ही विचारत नाही. ते तुम्ही स्वतः नव्हतात, एवढं आम्हाला ठाऊक आहे. आणि त्यांनी हे वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोण आलं, हेही.