राजमुद्रा (अंदाजे)

मूल लहान असतानाच त्याला संग्रहालय दाखवून घ्यावं, कारण मोठं झाल्यावर ते यायला तयार होत नाही. लहानपणी किमान एक संग्रहालय पाहिलेल्या मुलांपैकी एकाहत्तर टक्के मुलं पुढं वर्ग दोनच्या पदापर्यंत पोचतात, असं एका पाहणीत आढळून आलं आहे. आकड्यात गफलत नको म्हणून चष्मा पुसून पुन्हा सांगतो: एकाहत्तर. (उरलेली एकोणतीस टक्के मुलं संग्रहालयात रडली होती, असं समजतं.)

मी धाराशिवात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहाय्यक आहे. कोणत्या, हे सांगायला वरून परवानगी लागते, आणि वरचे रजेवर आहेत. कार्यालयात मला हुशार समजणारं कुणी नाही. बायकोच्या बाबतीत तो विषय लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच निकाली निघाला. राहता राहिली आमची शिवांजली, वय वर्षं पाच. तिनं शाळेच्या फाटकाशी पोरांना सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे, "माज्या पप्पाला कायबी विचारा, ते सांगतेत." त्या दिवशी मी घरी येताना अर्धा किलो जिलेबी आणली. सबंध जिल्ह्यात एका माणसाच्या लेखी आपण सर्वज्ञ आहोत, आणि ते पद काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

म्हणून रविवारी तिला संग्रहालय दाखवायला न्यायचं ठरलं तेव्हा बायकोला काळजी वाटली. ती स्वतः येणार नव्हती. घर मोकळं मिळण्याचे प्रसंग तिला वर्षात फार येत नाहीत. डबा हातात देताना तिनं बजावलं, की एखादी गोष्ट माहीत नसली तर सरळ माहीत नाही म्हणा, लेकरूच आहे, काय बिघडतंय. बिचारीला सरकारी सेवेची कल्पना नाही. आमच्याकडं 'माहीत नाही' असं म्हणायची पद्धत नाही. त्याऐवजी 'माहिती मागवली आहे', 'हा विषय आमच्याकडं येत नाही' आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' ही तीन वाक्यं आलटूनपालटून वापरतात, आणि तेवढ्यावर माणूस शाल-नारळ घेऊन सुखानं निवृत्त होतो. मात्र पाच वर्षांच्या मुलीला साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगितलं, की ती कुठं, कशाला आणि कधी येणार हेही विचारते. तिथं चौथं वाक्य लागतं, आणि ते आपलं आपल्यालाच तयार करावं लागतं.

उमरग्याच्या एसटीत कंडक्टरनं मुलीचं वय विचारलं. मी चष्मा पुसला आणि साडेचार म्हणालो. शिवांजलीनं माझ्याकडं पाहिलं, मग कंडक्टरकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. तिच्या या समजूतदारपणाचं मला फार कौतुक वाटलं.

संग्रहालय जळकोटच्या अलीकडं, हायवेला लागून, एका जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे (नाव देत नाही, त्यांना नोटीस जायची आणि मला खुलासा द्यावा लागायचा). दारावर सूचनांचा फलक होता. हात लावू नये, थुंकू नये, टेकू नये, मोठ्याने बोलू नये, फोटो काढू नये, खाऊ नये. पाहावे, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. आत काचेची कपाटं आणि प्रत्येक वस्तूसमोर चिठ्ठी. 'भांडे'. 'भांडे'. 'मोठे भांडे'. 'भांडे (फुटके)'. मणी होते त्यांच्यापुढं 'मणी' असं लिहिलं होतं. ज्याला कमी शब्दांत टिपणी लिहिता येते अशा माणसाबद्दल मला नेहमीच आदर वाटतो.

तिकीट देणारे, राखणदार आणि पंखा चालू करणारे असे तिन्ही अधिकारी म्हणजे गुंडप्पा. त्यांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं, की इथं लागून सहाच महिने झालेत, कशाचं काय ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, चिठ्ठी वाचून घ्या. इतकं स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला बढती कशी मिळणार, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आमच्या मागोमाग एक जीप थांबली. तुळजापूरहून दर्शन घेऊन परतणारं मेंढरं राखणारं कुटुंब होतं. बाहेरच्या बोर्डावर मूर्तीचं चित्र दिसलं म्हणून थांबले होते. गुंडप्पांनी "या हरणाबाई" म्हणून म्हाताऱ्या बाईंचं स्वागत केलं, तेव्हा बाई जवळपासच्याच असाव्यात. बरोबर त्यांचा मुलगा बब्रुवान, सुना आणि नातवंडं. सगळ्यांनी दारात चपला काढल्या. ते पाहून शिवांजलीनंही सँडल काढले. मी काढले नाहीत. मी सुशिक्षित आहे. मग ती मंडळी हात जोडून, ओळीनं, प्रत्येक काचेला बोटं लावून ती कपाळाला लावत पुढं सरकू लागली. दर्शन घेणं आपल्याला रक्तातूनच येतं, नुसतं पाहायचं कसं ते कुणी शिकवलेलं नाही.

पहिल्या भांड्यात काय ठेवायचे, असं शिवांजलीनं विचारलं. मी राजाचं लोणचं म्हणालो. दुसऱ्यात? राणीचं. राजाराणीचं लोणचं वेगळं कशाला, असा रास्त प्रश्न आला, तेव्हा एकत्र कुटुंबपद्धतीच्या अडचणी मी थोडक्यात विशद केल्या. मागून बब्रुवान म्हणाला, "बराबर हाय." वळून पाहिलं तर अख्खी रांग माझ्यामागं गोळा झालेली. गुंडप्पाही खुर्ची सोडून आले होते. मी बोलत असताना समोरचा मोबाईलकडं पाहत नाही, हा अनुभव मला सेवेत कधी आलेला नव्हता. मग मी थांबलो नाही. मण्यांच्या मदतीनं प्रधान रजेचा हिशोब कसा ठेवत, फुटकं भांडं कोणत्या लढाईत फुटलं, हे सगळं त्या दुपारी माझ्या तोंडून बाहेर पडलं. आपल्याला एवढं माहीत आहे, हे मलाही नवीन होतं.

शेवटच्या कपाटात भाजलेल्या मातीची एक तळहाताएवढी चीज होती. वरून धरायला मूठ, खालून खरबरीत, आडव्याउभ्या रेघा ओढलेली. चिठ्ठीवर 'वस्तू' एवढंच.

"पप्पा, हे काय?"

मी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालो, "राजमुद्रा." खरं सांगायचं तर इथं माझा अनुभवच बोलला. हयात शिक्के मारण्यात गेली आहे. राजा ही ओल्या मातीवर कशी दाबायचा, तिचा ठसा उमटल्याशिवाय कुणाचं कसं काम होत नसे, ठसा पुसट उठला तर माणसाला परत कसं पाठवायचे, हे मी इतकं रंगून सांगितलं, की एका सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

हरणाबाई मात्र काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सायेब, आसलीच येक माज्या न्हाणीत हाय. सासूनं दिल्याली. म्या तिनं टाचा घासते."

वज्री. टाचा घासायची वज्री. माझ्या आईनं दर शनिवारी अशाच वज्रीनं माझे पाय लाल होईस्तोवर घासले आहेत, आणि मी ती काचेआड ओळखली नव्हती. हरणाबाईंनी ओळखली होती. आता मी एवढंच म्हणायचं होतं, की आजी, तुमचंच खरं असेल, मला माहीत नाही. शब्द घशापर्यंत आलेही. पण गुंडप्पा पाहत होते, बब्रुवान पाहत होता, आणि मुख्य म्हणजे खालून शिवांजली पाहत होती.

"जपून ठेवा," मी म्हणालो.

हरणाबाईंनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "आगं माय, राजाच्या शिक्क्यानं टाचा घासल्या की गं म्या. लई पाप झालं." मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, एक नाणं कपाटापुढं ठेवलं आणि फरशीला डोकं टेकवलं. घरी गेल्याबरोबर ती धुऊन देवापुढं ठेवायची आणि तिला पाय लावायचा नाही, असं त्यांनी सुनांना बजावलं. मला लाज वाटली. चांगली कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. पण लाज वाटल्यावर काय करायचं, याबाबत कोणतंही परिपत्रक माझ्या पाहण्यात आलेलं नाही, म्हणून मी पाणी प्यायलो.

आम्ही निघालो तेव्हा गुंडप्पा स्केचपेननं नवी चिठ्ठी लिहीत होते. 'राजमुद्रा'. पुढं त्यांनीच मला विचारून कंसात 'अंदाजे' असं घातलं. आता लोकांना सांगायला सोपं झालं, म्हणून त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता.

रात्री जेवताना बायकोनं काय काय पाहिलं ते विचारलं. शिवांजलीनं लोणच्यापासून राजमुद्रेपर्यंत सगळं एक शब्द न गाळता सांगितलं. मग घास हातात धरून ती थांबली आणि मला म्हणाली, "पप्पा, ती आजी आता टाचा कशानं घासणार?"

माझा हात वर गेला.

"थांब मम्मी," ती आईला म्हणाली, "पप्पा चष्मा पुसायलेत. आता गोष्ट सांगतेत."

बायकोनं म्हणजे काय असं विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं, "पप्पाला म्हाईत नसलं की ते आदी चष्मा पुसतेत, मग गोष्ट सांगतेत. मला आवडतेत." हे तिला कधीपासून कळलं, असं मी विचारलं. पहिल्यापासून, असं उत्तर आलं. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथं एकटीच हसत होती.

म्हणजे जिच्यासाठी मी राजमुद्रा घडवली, तिनं तिच्यावर क्षणभरही विश्वास ठेवलेला नव्हता. जे पद सांभाळायला मी त्या म्हातारीची वज्री तिच्या न्हाणीतून उठवली, ते पद कधी मंजूरच झालेलं नव्हतं. मी चष्मा तसाच खाली ठेवला आणि मुलीला म्हणालो, "मला माहीत नाही, बाळा." आयुष्यात पहिल्यांदाच. ती थोडी हिरमुसली. गोष्ट बुडाली म्हणून.

येत्या रविवारी जळकोटला जाऊन हरणाबाईंना आणि गुंडप्पांना खरं काय ते सांगावं, असं मी योजलं आहे. तूर्त माहिती मागवली आहे.

राहिला तो एकाहत्तर टक्क्यांचा आकडा. तो सांगताना मी काय केलं, ते तिथंच, पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. काही लपवलेलं नाही. पाच वर्षांची पोर तिथंच गोष्टीसाठी मांडी घालून बसली असती. तुम्ही मान हलवून पुढं आलात, आणि मुलांना कोणतं संग्रहालय दाखवावं याचा विचारही करून झाला असेल. हरकत नाही. तुमच्या न्हाणीत वज्री असली, तर आज जरा देव्हाऱ्यात जागा करून ठेवा.